पुढचे गणित आणि मागची वही

दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होऊन मार्चच्या मध्याला संपते, आणि अकरावीचे वर्ग, प्रवेशाच्या फेऱ्यांचा सारा कारभार उरकेपर्यंत, जुलै उजाडल्याखेरीज आणि एखाद्या वर्षी ऑगस्ट लागल्याखेरीज भरत नाहीत. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती, त्याच्या उभ्या शालेय आयुष्यात पूर्वी कधी आला नव्हता आणि पुढे बहुधा येणारही नाही, असा चार महिन्यांचा सलग मोकळा काळ पडतो. या काळाचे काय करावे, या प्रश्नाला पूर्वी आजोळ, नदी, आंबे आणि ग्रंथालय अशी ठरलेली उत्तरे असत. आता त्या उत्तरांच्या रांगेत एक नवे उत्तर येऊन बसले आहे, आणि ते बहुतेक घरांत सर्वांच्या आधी बोलू लागले आहे: अकरावीचे गणित ऑनलाइन लावून टाकावे, म्हणजे मूल वर्ग भरण्यापूर्वीच चार पावले पुढे राहील.

कोणी त्याला व्हेकेशन बॅच म्हणतात, कोणी ब्रिज कोर्स, कोणी फाउंडेशन. सातवी-आठवीच्या मुलांसाठीही असे वर्ग निघतात, आणि पुढच्या इयत्तेचे पुस्तक मेच्या सुट्टीतच ‘संपवून’ देण्याची हमी त्यांच्या जाहिरातींत असते. माझी तीसएक वर्षे गणित शिकविण्यात गेल्यामुळे, निवृत्तीनंतरही, दरसाल एप्रिल लागला की दोन-तीन पालक तरी घरी येऊन विचारतात, ‘सर, लावू का हो?’ त्यांना उभ्याउभ्या हो किंवा नाही म्हणणे मला आजवर साधलेले नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकात नसून मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीत असते, असे माझे मत बनले आहे. आणि ती वही पाहिल्यावाचून निर्णय देणे मला नाडी न पाहता औषध देण्यासारखे वाटते.

आधी ‘पुढे जाणे’ या शब्दाचाच अर्थ नीट लावला पाहिजे, कारण तो देशपरत्वे बदलतो. अमेरिकेत, न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत, उन्हाळ्यातील गणिताचा वर्ग ही अगदी व्यवहाराची बाब असते. तेथे शाळेतील गणित पायऱ्यांनी मांडलेले आहे: पहिले बीजगणित, मग भूमिती, मग दुसरे बीजगणित, मग कलनाची पूर्वतयारी आणि शेवटी कलन, म्हणजे कॅल्क्युलस. ज्याचे पहिले बीजगणित नववीत सुरू होते त्याला बारावीपर्यंत कलन गाठता येत नाही. म्हणून पुष्कळ मुले उन्हाळ्यात भूमितीचा पूर्ण अभ्यासक्रम ऑनलाइन करतात, शाळेची परवानगी आधी घेतलेली असेल तर तो त्यांच्या दाखल्यावर चढतो, आणि एक वर्ष खरोखरच वाचते. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक शाळांनी 2014 साली आठवीतून बीजगणित काढून टाकले, तेव्हा त्या एका निर्णयावरून वाद इतका धुमसत राहिला, की मार्च 2024 मध्ये तो विषय थेट मतदारांपुढे गेला आणि मतदारांनी मोठ्या बहुमताने आठवीतील बीजगणिताची बाजू घेतली. तरीही त्याच देशातील गणिताच्या प्राध्यापकांची आणि शिक्षकांची जी दोन प्रमुख मंडळे आहेत त्यांनी 2012 साली संयुक्त निवेदन काढून सांगितले होते, की बारावीपर्यंत कलन उरकणे हे शालेय गणिताचे अंतिम उद्दिष्ट मानू नये. पुढील गणिताचा पाया पक्का होणे हे उद्दिष्ट मानावे.

आपल्याकडे अशी पायरी ओलांडण्याची सोयच नाही. सुट्टीत अकरावीचे सगळे गणित केलेल्या मुलालाही अकरावीच्याच वर्गात बसावे लागते, त्याच चाचण्या द्याव्या लागतात, आणि त्याच्या गुणपत्रिकेवर त्या उन्हाळ्याची एक ओळही उमटत नाही. लाभ होतो तो पूर्वपरिचयाचा. तो लाभ मी क्षुल्लक मानत नाही. इंजिनियरिंगच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात जी सीईटी होते, तिच्या गणिताच्या पन्नास प्रश्नांत सुमारे 20 टक्के भाग अकरावीचा असतो. अकरावीचे वर्ष प्रवेशाच्या गोंधळात तोकडे होते. आणि ज्या मुलाने शंकुच्छेद किंवा क्रमचय-संचय ही नावे आधी ऐकलेली असतात त्याला धावत्या वर्गात दम लागत नाही. पण परिचय हा परिचयच असतो. रस्त्यात ओळख झालेला माणूस अडचणीच्या वेळी धावून येईलच असे नाही, आणि सुट्टीत नुसते ऐकलेले गणितही परीक्षेच्या तीन तासांत तसेच वागते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शेजारच्या घरची मुलगी, दहावीला गणितात उत्तम गुण मिळविलेली, हुशार आणि कष्टाळू, संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि आनंदाने म्हणाली, ‘आजोबा, लिमिट्स झालं, आता डेरिव्हेटिव्ह चालू आहे. क्ष वर्गाचं दोन क्ष, क्ष घनाचं तीन क्ष वर्ग, सगळं येतं मला.’ मी म्हटले, ‘छान. मग एक छेद क्ष याचं काढून दाखव बरं. सूत्र लावायचं नाही, व्याख्येवरून काढायचं.’ तिने वहीचे कोरे पान घेतले आणि व्याख्या अगदी अचूक मांडली: क्षच्या जागी क्ष अधिक ह घालायचे, त्यातून मूळची किंमत वजा करायची, हने भागायचे आणि मग हला शून्याकडे न्यायचे. इथवर एक अक्षर चुकले नाही. पुढच्या ओळीत ‘एक छेद क्ष अधिक ह’ याचे तिने सहज हाताने दोन तुकडे केले: एक छेद क्ष, अधिक एक छेद ह. मग एक छेद क्ष उडाले, उरलेल्या एक छेद हला पुन्हा हने भागले, आणि ह शून्याकडे जाऊ लागताच उत्तर बेसुमार वाढत चालले. ती थांबली. ‘हे तर अनंत येतंय,’ ती म्हणाली, आणि व्याख्येची ओळ पुन्हा तपासू लागली.

चूक त्या ओळीत नव्हतीच. मी तिला एवढेच सांगितले, की क्षच्या जागी दोन ठेव आणि हच्या जागीही दोन ठेव. तिने ठेवले. एका बाजूला एक छेद चार आले, दुसऱ्या बाजूला एक छेद दोन अधिक एक छेद दोन, म्हणजे एक. पाव आणि एक. बराच वेळ ती त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, ‘हे तर सहावीतलं आहे, आजोबा.’ त्यानंतर समान छेद करून, वर वजा ह राहतो, खाली क्ष गुणिले क्ष अधिक ह राहते, दोन्हीकडचा ह जातो आणि शेवटी वजा एक छेद क्ष वर्ग उरते, हे सहा ओळींचे काम तिने स्वतःच पुरे केले.

हा प्रसंग मी इतक्या विस्ताराने सांगितला तो त्या मुलीचे उणे काढण्यासाठी नव्हे. ती आमच्या आळीतील सर्वांत मनापासून शिकणारी मुलगी आहे. अकरावी-बारावीत जी मुले कलनात अडखळतात ती बहुधा कलनात अडखळलेली नसतात, हे माझे वर्षानुवर्षांचे निरीक्षण त्या एका पानावर स्वच्छ उमटले, म्हणून सांगितले. अकरावीचे पुस्तक उघडून पाहावे. त्यात कोन आणि त्रिकोणमिती आहे, सारणी आहेत, रेषा, वर्तुळ व शंकुच्छेद आहेत. दुसऱ्या भागात संमिश्र संख्या, श्रेढी, क्रमचय-संचय, गणिती विगमन, संच, फल, आणि अगदी शेवटी सीमा, सांतत्य व विकलन आहे. यांतील प्रत्येक प्रकरणात नवी कल्पना पानभरच असते. त्या कल्पनेला उत्तरापर्यंत वाहून नेण्याचे काम अपूर्णांक, घातांक, अवयव, वर्गसमीकरण आणि कंस सोडविण्याची शिस्त हीच जुनी मंडळी करतात. ती मंडळी दुबळी असतील तर वरचा मजला कितीही लवकर बांधायला घेतला तरी तो उभा राहणार नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीने 2023 साली देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील चौदा ते अठरा वर्षांची मुले तपासली. नांदेड जिल्हाही तिच्यात होता. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण त्या सगळ्यांत मिळून निम्म्याहून कमी, सुमारे 43 टक्के मुलांनाच सोडविता आले. शहरातल्या चांगल्या शाळेतील मुलांची स्थिती याहून बरी असेल; पण गुणपत्रिकेतील मोठा आकडा हा पायाच्या मजबुतीचा दाखला नव्हे, हे त्यांनाही लागू आहे.

आता ज्यांनी असा वर्ग जरूर लावावा असे मला वाटते, त्यांच्याविषयी. पहिला हक्क मराठी माध्यमातील मुलांचा आहे. आपल्या राज्यात दहावीपर्यंत ज्याने समरूपता, श्रेढी, संभाव्यता आणि महत्त्वमापन या शब्दांत विचार केला, त्याला अकरावी विज्ञान शाखेत पाऊल टाकताच सिमिलॅरिटी, प्रोग्रेशन, प्रोबॅबिलिटी आणि मेन्सुरेशन या शब्दांच्या गर्दीत उभे केले जाते, आणि ज्या गोष्टी त्याला पुरत्या अवगत आहेत त्याही केवळ नाव बदलल्यामुळे त्याला परक्या वाटू लागतात. सेमी-इंग्रजीच्या वर्गांमुळे हा धक्का पुष्कळांचा सौम्य झाला आहे, पण तालुक्याच्या गावी आणि खेडोपाडी तो अजून पूर्ण बळाने बसतो. पहिल्या सहामाहीत मागच्या बाकावर जाऊन बसलेली आणि मग गणित सोडून दिलेली कितीतरी चांगली डोकी मी पाहिली आहेत, आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘शून्यलब्धि’ लिहून कलनाचे गणित मराठीत आणले होते. त्याच भाषेतील मुलाने आज केवळ शब्दांपायी त्या गणिताच्या दारातून परत फिरावे, ही गोष्ट आपण सर्वांनी मनाला लावून घेण्यासारखी आहे. अशा मुलाने सुट्टीत इंग्रजीतून दहावीचेच गणित पुन्हा ऐकावे, रोज दहा-बारा संज्ञा वहीत दोन्ही भाषांत समोरासमोर लिहाव्यात, आणि अकरावीची पहिली दोन-तीन प्रकरणे त्या भाषेत वाचून पाहावीत. त्यासाठी पैसेही पडत नाहीत: बालभारतीची पुस्तके मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांतून संकेतस्थळावर मोफत मिळतात, केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ हे मंच 2017 पासून खुले आहेत, आणि ‘खान अकॅडमी’चे गणिताचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत.

दुसरा हक्क त्या मुलाचा, ज्याला कोणी न सांगता पुढचे पान उलटण्याची ओढ आहे. अशी मुले थोडी असतात, पण असतात. आणि ‘अजून तुझी इयत्ता आली नाही’ असे म्हणून त्यांना अडविणे हा अन्याय आहे. मात्र त्यांच्यासाठीही ‘पुढे’ या दिशेइतकीच ‘खोल’ ही दिशा मोकळी आहे, हे पालकांच्या ध्यानी सहसा येत नाही. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली देशात ज्या गणित ऑलिंपियाडच्या परीक्षा होतात, त्यांत कलनाची गरजच पडत नाही; संख्या-सिद्धांतातील विभाज्यता, बीजगणित, भूमिती आणि मोजणीचे युक्तिवाद, एवढ्या शाळकरी सामग्रीवर तेथे असे प्रश्न रचले जातात, की त्यांतील एकेका प्रश्नापुढे पदवीधराचाही दिवस जावा. पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात या परीक्षांची तयारी करून घेतली जाते; ते प्रतिष्ठान 1976 साली स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर हे बैजिक भूमितीतील जागतिक कीर्तीचे गणिती असूनही ‘हायस्कूलचे बीजगणित’ हेच आपले मुख्य हत्यार असल्याचे आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिले. देवळालीच्या शाळेत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना तर वजाबाकीएवढेच साधन पुरले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करीत जावे: 3524 घेतली तर आधी 3087, मग 8352, मग 6174, आणि तेथून पुढे हालचाल नाही. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी फार तर सात पावलांत मुक्काम तोच. चौथीतले मूल हे करू शकते. असे का होते, याचा शोध मात्र दहावीच्या मुलाला सुट्टीभर पुरेल.

जयंत नारळीकरांच्या बालपणातील एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बनारसच्या त्यांच्या घरात फळे लावलेले होते, आणि शिकण्यासाठी तेथे राहिलेले त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार अधूनमधून त्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे कोडे लिहून ठेवीत. भाचा ते सोडवीपर्यंत किंवा हार कबूल करीपर्यंत ते पुसले जात नसे. त्या घरी मामा स्वतः गणित शिकत होते आणि वडील गणिताचे प्राध्यापक होते, हे खरे; पण एक फळा, एक प्रश्न आणि तो न पुसण्याचा निर्धार, एवढे तर कोणत्याही घरात होऊ शकते. असे कोडे शोधून देण्याच्या कामी आजचे ऑनलाइन साधन फार उपयोगी आहे, आणि त्या उपयोगाची मी मनापासून शिफारस करतो.

वर्ग लावलाच तर तो कसा वापरावा, याविषयी दोन शब्द. पडद्यावर उत्तम शिक्षक उदाहरण सोडवीत असतो तेव्हा पाहणाऱ्याला प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटलेले म्हणजे आलेले, असा समज होतो. तो समज सकाळपर्यंत टिकत नाही. पाठ केलेल्यातील बराचसा भाग पहिल्या दिवसाच्या आतच विरून जातो, आणि मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी त्याला धरून ठेवते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले होते. म्हणून तासाभराच्या चित्रफितीमागे दीड-दोन तास कागद-पेन्सिलीचे ठेवावेत. आणि दुसऱ्या दिवशी, काहीही न पाहता, कालचेच उदाहरण कोऱ्या पानावर मांडून मग नव्याला हात घालावा. चिकाटीचाही विचार आधी करावा. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांना 2017-18 मध्ये नाव नोंदविलेल्यांपैकी शंभरांत जेमतेम तीन जणांनी ते पुरे केले. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही निम्म्यांहून कमी लोक तडीस गेले. ती बहुतांशी प्रौढ माणसे होती. मेच्या उकाड्यात, घरात पाहुणे आणि बाहेर क्रिकेट असताना, पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने पडद्यासमोर बसून ऐंशी तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा, ही अपेक्षा ठेवताना घरातील एक वडीलधारे माणूस रोज त्याच्या वहीवर नजर टाकणार आहे की नाही, हे आधी ठरवावे.

पैशाच्या व्यवहारात तर विशेष सावधगिरी हवी. फी हप्त्याने भरण्याची सवलत म्हणून ज्या कागदावर सही घेतली जाते तो पुष्कळदा कर्जाचा करारनामा असतो, आणि वर्ग सोडला तरी हप्ता सुटत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पालकांना जी सूचना दिली होती तिच्यात खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्यास संमती देऊ नये, असे स्पष्ट म्हटले होते. ती आजही तंतोतंत पाळण्याजोगी आहे. त्याच मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणीवर्गांसाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सोळा वर्षांखालील मुलांना, म्हणजे दहावीच्या परीक्षेआधी, वर्गात प्रवेश देऊ नये असे सांगितले आहे. सहावी-सातवीच्या मुलांसाठी दोन-तीन वर्षांचे करार करणाऱ्या पालकांनी हे एकदा वाचावे. त्या वयाच्या मुलाने सुट्टीत पुढच्या इयत्तेचे गणित करू नये, असे माझे सरळ मत आहे. त्याला बाजारहाटाला न्यावे, दुधाचा महिन्याचा हिशेब त्याच्याकडे सोपवावा, आणि अपूर्णांक पक्के करून घ्यावेत.

दहावी झालेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी माझी रीत अशी आहे, आणि शेजारच्या मुलीसाठीही आम्ही तीच केली: तीन आठवडे मागची डागडुजी, म्हणजे अपूर्णांक, घातांक, अवयव, वर्गसमीकरणे, त्यानंतर अकरावीतील फक्त त्रिकोणमिती आणि सरळ रेषा, कारण दहावीत त्यांची मुळे रुजलेली असतात, आणि आठवड्यातील दोन दिवस गणिताला पूर्ण सुट्टी. विकलन आम्ही बाजूला ठेवले. ऑगस्टात वर्ग भरला, वर्षाच्या उत्तरार्धात ते प्रकरण आले, तेव्हा एक छेद क्षचे उदाहरण तिने वर्गात फळ्यावर जाऊन करून दाखविले, असे तिच्या आईने मला सांगितले.

तेव्हा फी भरण्यापूर्वी पालकांनी एवढे अवश्य करावे. गेल्या वर्षीच्या गणिताच्या दोन्ही भागांच्या, मुलाने न सोडविलेल्या प्रश्नपत्रिका मिळवाव्यात; कोरे कागद, पेन्सिल आणि घड्याळ द्यावे; मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा, आणि दोन दिवस दोन-दोन तास त्याच्याजवळ काही न बोलता बसावे. गुण मोजू नयेत. पेन्सिल कोणत्या ओळीत थांबते, ते तारखेसह टिपून ठेवावे, आणि तो कागद घेऊन मग वर्ग निवडायला जावे.